गाडी गार होईपर्यंत

आधी वास आला. तापलेल्या तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा आणि त्यामागून करपलेल्या धुळीचा. पुढे ट्रक, मागे ट्रक, डावीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि उजवीकडे नव्या उड्डाणपुलाच्या कामाला आडोसा म्हणून ठोकलेले पत्रे. उंब्रज मागे पडलं होतं, कऱ्हाड अजून लांब होतं, आणि गेल्या अर्ध्या तासात मी फार तर दोन ट्रकांच्या लांबीइतकी पुढे सरकले होते. फाल्गुनातलं ऊन. खालून मांड्यांना झळ लागायला लागली तशी मी चावी फिरवली. इंजिन थांबलं आणि तो आवाज सुरू झाला. टिक्, टिक्, टिक्. तापलेलं लोखंड गार होताना आकसतं, त्याचा.

इंजिन बंद झालं तरी मी हँडल सोडलं नाही.

मी सांगलीत एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा आवळून शिरा शोधते, सुई घालते. माझा हात कधी हलत नाही. घरात विंचू निघाला तर मुलं मलाच हाक मारतात. पण रस्त्यात वाहनांची रांग थांबली, पुढचं काही दिसेनासं झालं, की मी हाताला लागेल ते घट्ट धरून ठेवते. एसटीत पुढचा दांडा, गाडीत दाराची मूठ. नवरा विचारतो, काय झालं? काही नाही म्हणते. आणि आज तर मी त्याच फटफटीवर बसून, त्याच रस्त्यावर अडकले होते.

फटफटी आण्णांची. आण्णा म्हणजे माझे वडील. लष्करात ते गाड्या दुरुस्त करायचे. हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा एका ट्रंकेत कपडे होते आणि दुसऱ्या ट्रंकेत पाने, हातोड्या, फायली. ही गाडी त्यांनी कुणाच्या तरी गोठ्यातून, शेणाने लिंपलेली, ढकलत आणली होती. महिनाभर ती आमच्या सोप्यात गोणपाटावर सुटी होऊन पडली होती, आणि मग एका सकाळी सगळी आळी दारात जमा होईल असा आवाज करत ती उठली. मी तेव्हा सात वर्षांची होते. धाकटी सुमी नुकती बसायला लागली होती. गाडीचा आवाज ऐकून ती रडली नाही, हसली, असं आई सांगायची.

आज सकाळी आण्णांनी चावी माझ्या हातात ठेवली. त्यांच्या गुडघ्यांना आता किक झेपत नाही. "न्हे तिला सांगलीला," ते म्हणाले. "हितं नुसती हुबी ऱ्हायली तर गंजंल." मला गाडी त्यांनीच शिकवली होती, मी कॉलेजला असताना, साखर कारखान्याच्या मोकळ्या मैदानात. त्यामुळे नाही म्हणायला काही कारण नव्हतं. म्हणजे होतं. पण ते आमच्या घरात कुणी कधी तोंडातून काढलेलं नाही.

त्या गाडीच्या इंजिनाला बाहेरून पातळ पातळ पट्ट्या आहेत, चुलीजवळच्या फडताळात ताटल्या उभ्या लावाव्यात तशा. त्या पट्ट्यांमधून वारा गेला की इंजिन गार राहतं. मोठ्या गाड्यांना पाणी असतं, हिला नाही. आण्णा हे इतक्या वेळा सांगायचे की मला आणि सुमीला ते पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. "हिला पाणी न्हाई. हिला वारा. चालतीया तवर तिला काय हुत न्हाई. हुबी ऱ्हायली की ती तापती."

रविवार सकाळ म्हणजे रॉकेलचा वास. अंगणात जुनी सतरंजी अंथरून आण्णा बसायचे आणि आम्हा दोघींच्या हातात दात घासायचे जुने ब्रश द्यायचे. पट्ट्यांच्या फटीत चिखल असायचा, उसाच्या पाचटाचा भुसा, चिकटलेले किडे. ब्रश पोचत नसे तिथे बांबूची कामटी. रॉकेलनं हात पांढरे पडायचे आणि दुपारच्या जेवणापर्यंत भाकरीला तोच वास यायचा. महिन्यातून एकदा तेल बदलायचं. खालचा नट सुटला की काळं, कोमट तेल घमेल्यात पडायचं, आणि आण्णा त्यात बोट बुडवून दोन बोटांत चोळून बघायचे. डोळे मिटून. जणू त्यात काही ऐकू येणार आहे. मग ते तेल आळीतल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीला जायचं. आमच्या आळीत एकही दार कुरकुरत नसे.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार असायचा. पण आरती झाली, प्रसाद वाटला, की आण्णा लगेच तो काढून घ्यायचे. आई म्हणायची, "आवं, संध्याकाळपातुर तर असू द्या." आण्णा म्हणायचे, "देवाला चालतंय गं. हिला न्हाई. हिचा वारा अडतुय."

त्या गाडीवर आम्ही चौघं कुठं कुठं गेलो. मी टाकीवर, आण्णांच्या दोन हातांच्या मध्ये. मागे आईच्या मांडीवर सुमी. वाईला घाटावर गेलो तेव्हा कृष्णेत पाय सोडून बसलो होतो आणि आण्णा मात्र वर, सावलीत उभ्या केलेल्या गाडीजवळ. उन्हाळ्यात जतकडे त्यांच्या लष्करातल्या दोस्ताच्या गावी गेलो. तिकडचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना नुसतं माळरान, मेंढ्या, आणि गावाच्या तोंडाशी टँकरची वाट बघत मांडलेल्या रिकाम्या घागरींची रांग. तासाभरानं आण्णा थांबायचेच. कडुलिंब दिसला की थांबायचे. इंजिन बंद करायचे. आम्ही दोघी उकिडव्या बसून टिकटिक मोजायचो. पहिल्यांदा भराभर, मग सावकाश, मग दोन टिकटिकींच्या मध्ये एवढं अंतर पडायचं की सुमी म्हणायची, "संपलं." आणि तेवढ्यात एक व्हायची. ती टाळ्या पिटायची. आई पदरानं वारा घालायची, स्वतःला नाही, गाडीला. आण्णा हसायचे.

गर्दीत गाडी कशी सांभाळायची याचे त्यांचे नियम होते. अर्धा क्लच धरून रांगायचं नाही. पुढं जागा होईपर्यंत थांबायचं आणि मग एका दमात जायचं. दोन मिनिटांहून जास्त थांबावं लागलं तर बंद करायची. ट्रकच्या मागं थांबायचं नाही, त्याचा गरम श्वास हिच्या तोंडावर येतो. आणि तापलेल्या इंजिनावर पाणी कधीही, कधीही टाकायचं नाही. ते तडकतं. हे शेवटचं सांगताना ते बोट उगारायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी उंब्रजच्या चौकात सगळे लोक हॉर्न वाजवत असताना आमचे आण्णा गाडी बंद करून, हाताची घडी घालून, शांत उभे असायचे. लोक हसायचे. मला लाज वाटायची.

सुमीला दमा होता. आमच्याकडे ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, उसाचे फड पेटवले, की आभाळातून काळी काजळी पडायची, दोरीवरच्या कपड्यांवर, अंगणातल्या रांगोळीवर. लोक झटकून टाकायचे. सुमीच्या छातीत मात्र ती शिरायची. तिच्या श्वासाला शीळ यायची. बारीक, लांब, दाराच्या फटीतून वारा यावा तशी. मी अभ्यास करताना, खेळताना, कुठंही असले तरी माझा एक कान तिच्या शिळेकडं असायचा. ती शीळ वाजतेय तोवर बरं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला माहीत होतं.

मी बारा वर्षांची होते आणि सुमी सहाची, त्या वर्षी फाल्गुनात आई सांगलीला माहेरी गेली होती. मामांची हळद शिजवायची होती. घरी आम्ही तिघंच. दुपारी मी शाळेतून आले तर सुमी उंबऱ्यावर दोन्ही हात टेकून, पुढं वाकून बसली होती. तिचे खांदे वरखाली होत होते. शीळ येत नव्हती.

आण्णा गावातल्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, छातीला नळी लावून बघितलं, पुन्हा बघितलं. मग आण्णांना म्हणाले, "कऱ्हाडला न्या. आत्ताच्या आत्ता. हिला ऑक्सिजन लागणार."

गावातली एकुलती जीप भाड्यानं बाहेर गेली होती. आण्णांनी गाडी काढली. "बस मागं," मला म्हणाले. "हिला मधी घे. सरळ धर, मान पडू दिऊ नगंस."

मी सुमीला पोटाशी धरलं. तिची पाठ माझ्या छातीला लागली होती आणि प्रत्येक श्वासाला ती पाठ आखडायची. उंब्रजपर्यंत आम्ही वाऱ्यासारखे आलो. तेव्हा हा रस्ता दोनच पदरी होता, दोन्ही बाजूंना चिंचा आणि वड. गाव ओलांडून थोडं पुढं आलो आणि आण्णांनी ब्रेक मारला.

लांब कुठंतरी उसाची ट्रॉली उलटली होती. आम्हाला ती दिसत नव्हती. दिसत होते फक्त ट्रक, एसट्या, बैलगाड्या, पुन्हा ट्रक. आण्णा फटीफटीतून घुसत गेले. पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर. दोन हात पुढं, थांब. चार हात पुढं, थांब. दोन्ही अंगांना ट्रकांची गरम इंजिनं. वारा अजिबात नव्हता. माझ्या पिंढऱ्यांना खालून चटका बसायला लागला. मग तो वास आला. इंजिनाचा आवाज बदलला, आत कुणीतरी खडे चावतंय असा झाला.

"आण्णा, गाडी तापलीया."

"कळतंय मला."

"बंद करा की."

"गप बस!"

त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. आणि त्यांनी गाडी बंद केली नाही. त्या दिवशीची माझी पहिली भीती ती होती. सुमीची नव्हे. आण्णा आपले नियम मोडत आहेत, याची.

एका एसटीच्या बाजूला जरा जागा दिसली. आण्णांनी गाडीला जोर दिला. गाडी उसळली आणि आतून कुणीतरी मूठ आवळावी तशी जागच्या जागी जखडली. मागचं चाक फरफटलं. सुमीचं डोकं माझ्या हनुवटीवर आदळलं. आण्णांनी दोन्ही पाय रोवून गाडी सावरली, खाली उतरले, किक मारली. किक खाली गेलीच नाही. दगडावर पाय मारावा तशी.

इंजिनातून निळसर धूर येत होता. आण्णांनी एकदाच त्याच्याकडे बघितलं. मग सुमीकडे. तिचे ओठ जांभळासारखे झाले होते. त्यांनी गाडी स्टँडला लावली, सुमीला उचलून खांद्यावर घेतलं आणि माझा दंड धरला. इतका घट्ट की बोटं उमटली.

"तुज्यानं माज्या संगं पळणं हुणार न्हाई. हितंच थांब. गाडी सोडून कुटंबी जायचं न्हाई. जितं गाडी, तितं तू. मी येतो."

आणि ते पळाले. त्यांच्या खांद्यावरून सुमीचा एक हात लोंबत होता. दोन ट्रकांच्या मध्ये पांढरा सदरा दिसला, मग पुन्हा एकदा दिसला, मग दिसला नाही.

त्यानंतरचा वेळ किती होता ते मला अजून सांगता येत नाही. दोन तास असेल, तीन असेल. माझ्या आठवणीत तो सगळ्या लहानपणाएवढा लांब आहे.

आधी मागचा ट्रक भोंगा वाजवायला लागला. पुढची रांग जरा हलली होती आणि गाडी बरोबर रस्त्याच्या मध्ये होती. ड्रायव्हर काचेतून डोकं काढून ओरडला, "ए पोरी, काढ की गाडी!" मी हँडल धरून उभी राहिले. मला ती हलवता येत नव्हती, आणि हलवायची होती का तेही कळत नव्हतं. आण्णा म्हणाले होते, जिथं गाडी तिथं तू. गाडी दुसरीकडे गेली तर? मी वळताना माझी पिंढरी सायलेन्सरला टेकली. कातडी चिकटली आणि सुटली. मी ओरडलेसुद्धा नाही.

धूर वाढला. माणसं जमा झाली. "लांब हो गं, टाकी फुटंल," कुणीतरी म्हणालं. "पेट घेनार ती." सगळे चार पावलं मागं सरकले. त्या गोलात मी आणि गाडी एवढ्याच उरलो. टाकी फुटणार, हे मला खरं वाटलं. इथून हलले तर आण्णांना मी सापडणार नाही, हेही खरं वाटलं. दोन्ही एकदम खरं होतं आणि मी त्या दोन्हींच्या मध्ये हँडल धरून उभी होते.

एक माणूस ट्रकमधून पाण्याचा कॅन घेऊन धावत आला. त्यानं झाकण काढलं. आणि माझ्या तोंडून एवढा मोठा आवाज निघाला की तो दचकून थांबला.

"पाणी नगा टाकू! तडकंल ते! पाणी नगा टाकू!"

"आगं, जळून मरशील येडे!"

"आण्णांनी सांगितलंय, पाणी न्हाई टाकायचं!"

मी इंजिनाच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिले. तो मला बाजूला सारणार, इतक्यात बाजूच्या उसाच्या बैलगाडीवरून एक बाई खाली उतरली. उंच, काळी, उन्हानं रापलेली, अंगावर पुरुषाचा जुना सदरा, कमरेला कोयता, काखेला पाण्याची कळशी. हनुवटीवर गोंदलेले तीन हिरवे ठिपके. ती सरळ त्या गोलात आली.

"पोर सांगतीया न्हवं, पानी नगं म्हनून?" ती त्या माणसाला म्हणाली. "मग ठिव की त्यो क्यान खाली. आनि हात लाव. गाडी कडंला घिऊ."

तिचं बोलणं आमच्यासारखं होतं आणि नव्हतं. नंतर कळलं, ती जतच्या पलीकडची, कर्नाटकाच्या हद्दीवरची. त्या माणसानं आणि आणखी एकानं गाडी स्टँडवरून काढली. ती ढकलता येईना. मला आठवलं, क्लच दाबायचा. मी दोन्ही हातांनी दाबून धरला आणि चाक सुटलं. गाडी वडाच्या सावलीत गेली. जेमतेम दहा पावलं. पण मी मागं वळून वळून ती आधीची जागा बघत होते.

"हितनं दिसतूय रस्ता," बाई म्हणाली. "तुजा बा आला तर घावतूय आपल्याला. बस."

रांग पुन्हा सरकली. तिच्या नवऱ्यानं बैलांचे कासरे ओढले आणि तिला कानडीत हाक मारली. तिनं कानडीतच काहीतरी उत्तर दिलं. तो जरा चिडून बोलला. ती नुसता हात हलवत राहिली, जा, जा. बैलगाडी पुढं गेली. उसाच्या शेंड्यांचा हिरवा ढीग ट्रकांच्या मागं नाहीसा झाला आणि ती माझ्याजवळ खाली, मुळांवर बसली.

तिनं कळशीतल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून माझ्या पिंढरीवर ठेवलं. तेव्हा मी रडले. इंजिन टिकटिकत होतं, आणि मी सवयीनं मोजत होते. मला वाटलं, हे थांबायच्या आत आण्णा आले तर सुमी जगेल. मी असं का ठरवलं मला माहीत नाही. ठरवल्यावर मात्र मला मोजणं थांबवता येईना.

"कुटं गेला बा?"

"सुमीला घिऊन. तिला दमा हाय."

"केवडी हाय?"

"सा वर्साची."

बाईनं पदर पुन्हा भिजवला. मग पदर पिळत म्हणाली, "माजी बी येवडीच हुती."

मला तो शब्द तेव्हा नीट ऐकू आला नाही. म्हणजे आला, पण त्यातलं 'हुती' मोठी झाल्यावर ऐकू आलं.

"आण्णा येतील न्हवं?" मी विचारलं.

येतील की, असं कुणीही म्हटलं असतं. तिनं तसं म्हटलं नाही. तिनं रस्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "न्हाई आला तर मी हाय," ती म्हणाली.

मी आणखीच घाबरले. पण तिचा हात धरला, आणि सोडला नाही. त्या हाताला उसाच्या रसाचा, घामाचा, तंबाखूचा वास होता. तळव्यावर चिरांचं जाळं होतं. टिकटिक थांबली. मी वाट बघितली, आणखी एक होईल. झाली नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं.

दिवस कलला. वडाची सावली रस्ता ओलांडून पलीकडं गेली. रांग सुटली, वाहनं धावायला लागली, आणि कऱ्हाडच्या बाजूनं येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवरून आण्णा उतरले. ते आधी रस्त्याच्या मधोमध, गाडी होती त्या जागी गेले. तिथं काही नाही हे बघून त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मी ओरडले. ते वळले. आमच्यापर्यंत आले आणि मातीत खालीच बसले.

"हाय," ते म्हणाले. "सुमी हाय. पुढं जीप घावली. नळी लावलीया नाकाला." आणि पुन्हा तेच. "हाय. हाय."

ती बाई उठली, लुगडं झटकलं, कळशी काखेला लावली. आण्णांनी तिच्याकडं बघत हात जोडले. "पोर गुनाची हाय," ती म्हणाली. "पानी टाकू दिलं न्हाई कुनाला." आणि कारखान्याच्या दिशेनं चालायला लागली. आम्ही तिचं नावही विचारलं नाही.

आण्णांनी किकवर पाय ठेवला. हळूच दाबला. किक खाली गेली. इंजिन गार होऊन सुटलं होतं. आम्ही बैलाच्या चालीनं कऱ्हाडला गेलो आणि दवाखान्यात सुमी खाटेवर बसलेली होती, राखेच्या रंगाची, नाकात नळी. दुसऱ्या दिवशी आई आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे होते. त्या हातांनी तिनं आम्हा दोघींची तोंडं धरली, आणि आमचे गालही पिवळे झाले.

पुढं बरीच वर्षं, हंगाम लागला की आण्णा गाडी घेऊन रस्त्याला जायचे आणि उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेजवळ थांबायचे. हनुवटीवर तीन ठिपके असलेली, जतकडची, एवढंच त्यांच्याजवळ होतं. तिकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना विचारायचे. ती सापडली नाही. आता बैलगाड्याही फारशा दिसत नाहीत. रस्ता रुंद झाला तेव्हा वड गेले, चिंचा गेल्या. तो वड नेमका कुठं होता हे मला आज दाखवता येणार नाही, मी दहा वेळा शोधलंय. सुमी वाईला शाळेत शिकवते, पर्समध्ये दम्याचा पंप ठेवते, तीन मुलींना ओरडून ओरडून वाढवते. तिला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. मला सगळं आठवतं. आण्णांना काय आठवतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आज उड्डाणपुलाच्या पत्र्यांच्या कडेला मी गाडी घेऊन उभी होते आणि फोन वाजला. आण्णांचा.

"कुटं हायस?"

"उंब्रजच्या पुढं. लय गर्दी हाय, आण्णा."

"बंद केलीस?"

"केली."

"बरं केलंस."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला, त्यात तो बुडाला. मला वाटलं फोन कट झाला.

"आण्णा?"

"तितंच, न्हवं?"

काय तिथंच, हे मी विचारलं नाही. "व्हय," म्हटलं.

"भ्या वाटतंय?"

बेचाळीस वर्षांची बाई मी. "व्हय," म्हटलं.

"तुला एक सांगायचं हुतं. सकाळी चावी दिली तवाच सांगनार हुतो. जमलं न्हाई. त्या दिवशी दवाखान्यात सुमीला घेतली आत. नर्सबाईनं वहीत लिवायला इचारलं, संगं कोन हाय. मी म्हनलं, कोन न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू ध्यानातच न्हवतीस माज्या. रस्त्यावर हुबी करून आलोय पोरीला, ह्ये डोक्यातनंच गेलं हुतं. तितं बाकड्यावर बसून ऱ्हायलो. किती येळ, ठावं न्हाई. मग सुमीनं डोळं उगडलं आनि इचारलं, ताई कुटाय. तवा..." त्यांचा आवाज फाटला. "तिनं इचारलं नसतं तर मी बसूनच ऱ्हायलो असतो गं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या सगळ्या वेळात कुणीतरी माझ्याकडं पळत येतंय. मी त्या झाडाखाली बसून मनातल्या मनात त्यांना पळताना बघत होते. आणि त्या वेळातला मोठा भाग मी या जगात कुणाच्याच लक्षात नव्हते. एका अनोळखी बाईच्या सोडून. जुनी भीती परत आली. मला रागही यायला हवा होता. मी वाट बघितली. तो आला नाही. आला तो फक्त त्यांचा चेहरा, दोन्ही हात डोक्याला लावून रस्त्याच्या मधोमध उभा असलेला. मी त्याच्याकडं इतकी वर्षं बघत होते, आणि आज पहिल्यांदा मला तो वाचता आला.

"आण्णा," मी म्हटलं, "आलासा की पन तुमी."

मी फोन कानाला घट्ट धरून त्या भोंग्यांमध्ये, त्या उन्हात तशीच उभी राहिले. तिकडून ते बोलतही नव्हते आणि फोन ठेवतही नव्हते.